चौतीस नंबरची डबी

कासार आंबोली,
मंगळवार, सकाळचे दहा

तीर्थस्वरूप आक्काबाई आत्याच्या पायाशी,

तुझा एकेकाळचा लाडका भाचा विकी याचा वाकून नमस्कार. (खरंच वाकलो असतो, पण तुझे पाय भूगावात चौथ्या मजल्यावर हायेत आन मी हितं शाळेच्या पायरीवर मांडीवर वही घेऊन बसलोय.) पत्र बघून घाबरू नको. कुणी गेलेलं न्हाई, कुणी पडलेलं न्हाई, आई-दादा धडधाकट हायेत, म्हैस व्यालीय, पारडी झालीय. तुझं गुडघं कसं हायेत? लिफ्ट चालू झाली का आजून ती चिठ्ठीच लटकतीय? पत्र ह्यासाठी की तू माझा नंबर ब्लॉक केलायस. बरोबरच केलंस. सोसायटीचा सेक्रेटरी बोलतोय, तुमच्या बाल्कनीतल्या मेथीला परवानगी न्हाई, असं मी आवाज बदलून म्हणायला नको व्हतं. तू तासाभरात सगळी मेथी उपटून खालच्या वॉचमनला देऊन टाकलीस हे साहिलनं सांगितलं तवा मी आधी हसलो. मग तुझ्या हातची मेथीची भाजी आठवली आन हसू गेलं. पत्र दूधवाल्या किशोरकडं देतोय, त्यो तुझ्याच बिल्डिंगमधी दूध घालतो. साहिल वाचून दाखवत असंल तर, साहिल, सगळं वाच. तुझ्या आईला वाईट वाटंल म्हणून मधलं गाळू नको आन मला शिव्या घालायच्या असतील तर शेवटाला घाल.

आता मुद्द्याचं. आत्या, माझ्या हातनं एक चूक झालीय. मेथीसारखी न्हाई, खरीखुरी. आपल्या गावात दातांच्या कॉलेजच्या जान्हवी मॅडम येत्यात, त्यांची दोन वर्षांची मेहनत माझ्या एका वाक्यानं वाया चाललीय. ती वाचवायला येत्या रविवारी सकाळपर्यंतचा टाईम हाय. गावातनं औषधाच्या वीस डब्या बाहेर गेल्यात. एकोणीस सापडल्या. विसावी, आन ती जिनं वापरली ती बाई, ह्या दोन्ही रविवारी शाळेत आल्या न्हाईत तर मॅडमचा सगळा अभ्यास रद्द होणार. येवढं आधी सांगून ठेवतो, कारण मी बोलायला लागलो की भरकटतो हे तुला म्हाईत हाय.

मॅडम पहिल्यांदा आल्या त्या दिवाळी झाल्यावर. वाशिमकडच्या हायेत, बारीक अंगाच्या, डोळ्याला चष्मा, आन पाठीवर सॅक येवढी की मागनं नुसती सॅकच चालतीय असं वाटावं. त्यांना गावातल्या चाळीस बाया पायजे व्हत्या. बाप्ये न्हाई, बायाच, कारण आपल्यात दात घासायचं काम मशेरी करती आन मशेरी करतात बाया. तव्यावर तंबाखू भाजायची, बोटावर घ्यायची आन पहाटे भिंतीला टेकून अर्धा तास घासत बसायचं. मॅडमला वाटलं आधी मशेरी सोडवू. पहिल्याच बैठकीला साळूबाईनी (आपली शेजारची, पाण्याच्या टाकीखालची) हात जोडून सांगितलं, बाई, नवरा सोडा म्हणा, बघू. मशेरीचं बोलू नका. मग मॅडम म्हणल्या बरं, राहू द्या, ती लिहून घेऊ, पण रात्री झोपताना मी देते ती पावडर लावा. गावातली कुठली आळी कुठं, कुणाचं कुत्रं चावतं आन कुठल्या घरात दुपारी हाक मारायची न्हाई हे सांगायला त्यांना माणूस पायजे व्हता. सरपंचानी माझं नाव सुचवलं. (मी निदान तेवढा वेळ डोळ्यासमोर राहीन, असा त्यांचा हिशोब असणार.)

पावडर काय हाय ते मला मॅडमनी चार वेळा समजावलं तवा कुठं कळलं, तुला एका वेळेत सांगतो. ती दगडाची हाय. चुन्याचा अंश आन वाळूचा अंश एकत्र शिजवून दगड तयार करायचा, त्यो पिठीसाखरेसारखा दळायचा, आन त्या दगडाच्या पोटात जस्त बसवायचं. ही पावडर दातावर बसली आन थुंकी लागली की दगड दमादमानं विरघळतो. त्यातनं चुन्याचा अंश सुटतो त्यो दाताची झीज भरतो, आन जस्त सुटतं ते दात किडवणाऱ्या जंतूंना आवरतं. निदान प्रयोगशाळेत बशीत ठेवलेले जंतू तरी आवरले. माणसाच्या तोंडात आवरत्यात का, तेच मॅडमला बघायचं व्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी साळूबाईच्या दाढेवरचं पांढरं किटण काडीनं खरवडून काचेवर घेतलं आन मायक्रोस्कोपखाली धरलं. साळूबाईनी एक डोळा मिटून बघितलं आन ती मागं सरली. म्हणली, अगं बया, माझ्या तोंडात येवढी बिऱ्हाडं? माणमधी कंपनीतल्या पोरांसाठी खोल्या काढल्यात तसं दिसतंय! मॅडम म्हणल्या तसंच हाय मावशी, तुम्ही यांना गोड घालता, ते आंबट सोडतात, त्या आंबटानं दात विरघळतो. साळूबाई म्हणली, म्हंजी खोली पण आपली, जेवण पण आपलं, आन भिंत पण तेच फोडणार. सगळ्या बाया हसल्या. हसताना मात्र निम्म्या बायांनी तोंडावर पदर घेतला. हे मला तवा दिसलं न्हाई. आत्ता लिहिताना दिसतंय.

चाळीस बायांना चाळीस नंबर दिले. प्रत्येकीला दोन-दोन डब्या, एक संक्रांतीपर्यंत वापरायची, दुसरी सील न फोडता ठेवायची, ती नंतर. पण ह्यात गंमत अशी, की वीसजणींच्या डबीत जस्तवाला दगड, आन वीसजणींच्या डबीत तसलाच दगड पण जस्ताशिवाय. दिसायला, वासाला, चवीला सारखं. कुणाला काय आलंय ते बायांना म्हाईत न्हाई, मला म्हाईत न्हाई, आन आत्या, मॅडमला सुद्धा म्हाईत न्हाई. ती यादी पाकिटात बंद करून कॉलेजात मोठ्या सरांच्या कपाटात ठेवलीय. मी मॅडमला म्हणलं, तुमचंच औषध आन तुम्हालाच सांगत न्हाईत? त्या म्हणल्या, मला कळलं तर मी नकळत जस्तवाल्या बाईच्या तोंडात चांगलंच शोधीन. माणूस स्वतःलाच पहिला फसवतो, म्हणून आधी स्वतःचे डोळे बांधायचे. मला ते लई पटलं. पटून पण मी काय केलं ते आता वाच.

डिसेंबर संपत आला व्हता. दुपारची वेळ, टाकीखाली मी आन साळूबाई. तिचा नंबर सतरा. रोज भेटली की एकच प्रश्न, विकी, तू मॅडमच्या संगं असतोस, खरं सांग, माझ्या डबीत औषध हाय का नुसती पूड? रोज मी म्हणायचो मला ठाऊक न्हाई. त्या दिवशी मला लई कंटाळा आला व्हता. मी आधी मागं बघितलं, मग पुढं बघितलं, मग आवाज बारीक केला आन म्हणलं, मावशी, विषम नंबरात औषध. सम नंबरात नुसती पूड. पण कुणाला बोलू नका. (ह्यातलं शेवटचं वाक्य म्हंजी वणव्यात रॉकेल.) दिवस मावळायच्या आत ती बातमी आपल्याच घरात, आपल्याच आईच्या तोंडून मला परत ऐकायला आली, आन येताना चांगली अंग धरून आली व्हती. म्हणं सम नंबरवाल्या बाया मॅडमनी आधीच बघून ठेवल्यात, त्यांचे दात आता सुधारायच्या पलीकडं गेलेत, म्हणून त्यांना पूड. आईचा नंबर चौतीस. ती बिचारी आरशात बघत बसली. मी तेव्हाच बोललो असतो तर तिथंच मिटलं असतं. पण मला मजा वाटत व्हती, आत्या. दोन दिवस मी गावातनं अशी चाल काढत फिरलो जशी काय मला लॉटरी लागलीय.

मग सम नंबरवाल्या वीसजणींनी पावडर लावायचं बंद केलं. नुसतं बंद न्हाई, वाया कशाला घालवायची म्हणून उघडलेल्या डबीतल्या पावडरीनं समया घासल्या. (लख्ख निघाल्या. ह्यावर वेगळा अभ्यास करा म्हणून मी नंतर मॅडमला सुचवलं सुद्धा.) तुला वाटंल, मग विषम नंबरवाल्या तरी मन लावून लावत असतील. न्हाई. औषध आपल्यालाच आलंय म्हणल्यावर त्यांना ती वापरवंना. एकीनं डबी कपाटात सोन्याच्या पोतीशेजारी ठेवली, लेकीच्या लग्नाच्या वेळी दात चांगले दिसावेत म्हणून. एकीनं लेक, सून, नवरा, दीर, सगळ्यांना चिमूट चिमूट वाटली. साळूबाईनी सतरा नंबरची डबी देव्हाऱ्यात ठेवून तिला रोज हळदकुंकू वाहिलं. मॅडमचा अभ्यास असा, की जिला खोटं वाटलं तिनं टाकलं आन जिला खरं वाटलं तिनं जपलं. लावलं कुणीच न्हाई.

आता संक्रांतीनंतरचं बचतगटाचं हळदीकुंकू. तू आलीच व्हतीस, काळी साडी नेसून, तुला सांगायला नको. दरवर्षी गावच्या माहेरवाशिणींना बोलवायचं आन वाण द्यायचं, कधी प्लास्टिकचा डबा, कधी गाळणी. ह्या वर्षी वाण काय द्यायचं ह्यावर बैठक झाली आन कुणाच्या तरी डोक्यात आलं, अगं, आपल्या सम नंबरवाल्यांकडं वीस डब्या सील न फोडलेल्या पडल्यात की! पांढऱ्या, गोल, चंदेरी झाकणाच्या. वरचं नंबराचं कागद खोबरेल तेल लावून काढलं, हळदकुंकवाचं बोट लावलं आन वीस लेकींच्या ओटीत वीस डब्या घातल्या, पुण्याच्या डॉक्टरीणबाईची दाताची पावडर म्हणून. त्यांच्या मनात काय वाईट न्हवतं. आपल्याला नुसती पूड आली तरी ती लेकींच्या हातात रिकामी देण्यापेक्षा बरी, असंच त्यांना वाटलं. पण वाण म्हणल्यावर ते कुणी टाकतं का? गावातल्या बायांनी डॉक्टरचं म्हणून जे लावलं न्हाई, ते माहेरचं म्हणून वीस लेकींनी भूगावापासून पौडापर्यंत रोज रात्री लावलं, असं तवा आम्हाला वाटलं.

फेब्रुवारीत मॅडम तपासणीला आल्या. सगळ्यांनी आपापल्या डब्या आणायच्या, मॅडम त्या तागडीवर तोलणार, म्हंजी किती वापरली ते कळणार. हे ऐकल्यावर सम नंबरवाल्यांची धांदल उडाली. येवढी पावडर नुसत्या दातावर संपत न्हाई, डब्या रिकाम्या घेऊन गेलं तर समयांचं कळंल आन मॅडमला वाईट वाटंल. मॅडमला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी डब्यांत रांगोळी भरली. आत्या, मी तिथं दारात उभा व्हतो. सतरा नंबरची डबी काट्यावर ठेवली, दिली तेवढीच भरली, वर कुंकवाचा टिळा. मॅडमनी लिहून घेतलं. बावीस नंबरची ठेवली, ती दिलेल्यापेक्षा जास्त भरली. मॅडमनी पुन्हा तोलली. मग बावीस नंबरवाली बाई, खोटं वाटू नये म्हणून, त्यातलीच चिमूट घेऊन मॅडमसमोर दातावर लावायला लागली. मॅडमनी तिचा हात वरच्या वर धरला. म्हणल्या, थांबा मावशी. दोन बोटांत ती पूड चोळून बघितली, कर्रकर्र वाजली. मग सगळ्या डब्या एकामागोमाग एक उघडून बघितल्या. बाहेर शाळेतली पोरं पाढे म्हणत व्हती.

मला वाटलं आता ही बाई ओरडणार. ओरडली असती तर मी काय तरी विनोद केला असता आन सुटलो असतो. पण ती पायरीवर जाऊन बसली, आत्ता मी बसलोय तिथंच. चष्मा काढून ओढणीनं पुसत राहिली. साळूबाईनी पाणी नेऊन दिलं. मग मॅडम आपणहून बोलल्या, कुणाला दोष देत न्हवत्या, नुसतं सांगत व्हत्या. त्यांच्या आईचे दात चाळिशीतच गेले. गावात डॉक्टर न्हवता, दुखलं की लवंग, न्हाईच राहिलं तर उपटून टाकायचा. त्रेचाळीसाव्या वर्षी कवळी. मॅडमच्या पदवीदानाचा फोटो हाय, त्यात आई शेजारी उभी हाय आन तोंडापुढं हात धरलाय. कवळी बसवलेली, दात सरळ पांढरे, तरी हात. सवय मोडली न्हाई म्हणल्या. मी ते ऐकलं, आन आत्या, मला तुझी आठवण झाली. का झाली ते खाली लिहितो, हितं लिहवत न्हाई.

सील न फोडलेल्या डब्या वाणात गेल्या हे पण बायांनी तवाच कबूल केलं. मग मोठ्या सरांचा फोन आला. पहिल्या फटक्यात त्यांनी सगळं रद्द करा म्हणून सांगितलं. अभ्यास बिघडला हे एक, पण त्याहून वाईट म्हंजी वीस बायांनी काय म्हाईत नसताना, कुठं सही केलेली नसताना, औषध तोंडात घातलंय. त्यातल्या कुणाला त्रास झाला असंल तर? मॅडमनी लई अजीजी केली. शेवटी सर म्हणले, ठीक, वीसच्या वीस बाया शोधा, तोंड तपासा, त्यांना खरं सांगा, त्यांची संमती घ्या, डबी किती वापरली ते तोला. मग जे झालं तसंच्या तसं लिहू, चूक सुद्धा. पण एक जरी राहिली तरी मी सही करणार न्हाई. सही न्हाई झाली तर मॅडमला नवा विषय, नवं गाव, नवी दोन वर्षं. घरी बाप म्हणतोय आता पुरे, लग्न कर. त्यामुळं ती नवी दोन वर्षं त्यांना मिळायची न्हाईत हे त्यांनी बोलून दाखवलं न्हाई, पण मला कळलं.

तवापासून मी गाडीवर हाय. डबीच्या बुडाला पण नंबर कोरलेला असतो, ते आपल्या बायांना खोबरेल लावताना दिसलं न्हवतं, म्हणून कुठली डबी कुणाची ते ओळखता तरी आलं. मॅडम मागं बसत्यात, सॅक पुढं टाकीवर. माणमधी गेलो तर त्या लेकीनं डबी भाडेकरू पोरांना दिलेली, त्यांनी कॅरमवर टाकली व्हती. (मॅडमनी गंभीर होऊन विचारलं, खेळताना कुणी बोट चाटत होतं का? त्यातला एक पोरगा भीतीनं रडायच्या घाईला आला.) पिरंगुटात एकीनं ती मशेरीत कालवली व्हती, अर्धी-अर्धी, म्हणली दोघींचं भांडण नको. पौडात लेक म्हणती मी हातसुद्धा लावला न्हाई, पण डबी अर्धी. सासू कोपऱ्यात जपमाळ ओढत बसलेली. तिला मॅडमनी विचारलं तर मान हलवून न्हाई म्हणाली, तोंड काय उघडंना. मी म्हणलं आजी, राहिलेत ते तीन दात तरी दाखवा. तर ताडकन म्हणली, तीन न्हाई मेल्या, चार! आन दाखवायला तोंड उघडलं. चौथ्या दाताला पांढरी पावडर तशीच चिकटलेली.

असं हसत हसत सुरू झालं, पण मी टॉर्च धरायचो, आत्या. मॅडम आरसा आत घालायच्या आन मी टॉर्च धरायचो, त्यामुळं मला दिसायचं. ह्या सगळ्या लेकी मला लहानपणापासनं म्हाईत. कुणी मला काखेत घेतलेलं, कुणी माझी चड्डी धुतलेली. तीस-पस्तीस वर्षांच्या बाया, आन मागच्या दाढांच्या जागी नुसती भगदाडं. एका बाजूनं चावत व्हत्या, कुणाला सांगितलं न्हवतं. दवाखान्यात का गेला न्हाई म्हणल्यावर एकीनं उत्तर दिलं, दात काय, दुखतो आन राहतो, त्यासाठी कोण सुट्टी घेतं. मॅडमनी कुणाला लेक्चर दिलं न्हाई. लिहून घ्यायच्या आन पुढच्या घरी. रात्री मला झोप लागंना. कारण बंद पाकिटात काय हाय ते मला अजून म्हाईत न्हाई. मी टाकीखाली तोंडाला येईल ते बोललो, पण समजा ते उलटं असलं तर? समजा सम नंबरातच खरं औषध असलं, आन आपल्या आईनं ते समईला फासलं असलं, ते पण माझं ऐकून?

असो. एकोणीस झाल्या. बाकी इकडं सगळं ठीक. दादांनी खाचरात यंदा हरभरा केलाय, लई भारी आलाय, किशोरकडं थोडा सोलाणा पाठवलाय तो साहिलला एकट्याला खाऊ देऊ नको. आई तुझी आठवण काढती. तब्येतीला जप, जिन्यानं चढू नको. मोठ्यांना नमस्कार, साहिलला एक धपाटा.

तुझाच,
विकी

ता. क. १ – विसावी डबी चौतीस नंबरची हाय. आपल्या आईनं तुझ्या ओटीत घातली ती. साहिलला विचारलं तर म्हणला, आई रोज झोपताना न चुकता लावती, भावजयीनं दिलीय म्हणून. म्हंजी आत्या, अख्ख्या मुळशीत जिनं ही पावडर सांगितल्यासारखी लावली अशी सापडली तर बहुतेक तू एकटीच. जिला कुणी सांगितलंच न्हाई तिनंच लावली. मॅडम हे ऐकून गाडीवरनं पडता पडता राहिल्या. रविवारी सकाळी नऊला शाळेत ये. मी गाडी घेऊन खाली उभा राहीन, हॉर्न वाजवणार न्हाई. डबी आहे तशी आण, समई घासू नको. त्या दिवशी सकाळी मशेरी लावू नको, एकच दिवस. कुठं जळजळ, फोड काय झालं असंल तर ते पण खरं सांग, लपवू नको.

ता. क. २ – साहिल, हितनं पुढं तू वाचू नको. कागद तिच्या हातात दे. तिला येतं वाचायला, सावकाश वाचंल.

आत्या, साहिलनं मला सांगितलं की तू म्हणलीस, मी कुणापुढं तोंड उघडायची न्हाई, डॉक्टर असो न्हाईतर ब्रह्मदेव असो. तू असं का म्हणलीस ते साहिलला म्हाईत न्हाई, मला हाय. चार वर्षांमागं रुपालीच्या लग्नात मी दातांवर काळी पट्टी चिकटवून, पदर घेऊन, तू हसतीस तसं हसून दाखवलं व्हतं. त्याचा व्हिडिओ केला आन ग्रुपवर टाकला. सगळे हसले. तू पण हसलीस, म्हणलीस वात्रट मेला. मग तू उठून स्वयंपाकघरात गेलीस. त्यानंतरच्या एका पण फोटोत तुझा हात खाली न्हाई. मी सगळे काढून बघितले, काल रात्री. तुझ्या हातावर तो लग्नातला चुडा असल्यापासनं आत्तापर्यंतचे. आधीच्यात तू हसतीयस, ते काळे दात जसेच्या तसे दिसत्यात आन तू लई छान दिसतीयस. मला माफ कर असं मी म्हणणार न्हाई, ते लई सोपं हाय. येवढंच सांगतो की मॅडम म्हणल्या, काळा दात म्हंजी किडतच चाललाय असं नसतं. कधीकधी कीड आपणहून थांबती आन ती जागा काळी पडून घट्ट होती. वरनं कळत न्हाई, बारीक हत्याराच्या टोकानं हलकं दाबून बघावं लागतं, मऊ लागतं का कडक. ते कुणीतरी बघायला पायजे. रविवारी टॉर्च मी धरणार न्हाई, दुसऱ्या कुणाला तरी धरू दे. मी बाहेर उभा राहीन.

ता. क. ३ – वरचं शेवटचं वाक्य खोडतो. मला आत यावं लागणार हाय. त्याचं असं झालं, की विषम-समची अफवा कुणी उठवली असं मॅडमनी सगळ्यांना विचारलं, साळूबाईनी माझ्याकडं बघितलं, आन मी घाबरून जे पहिलं नाव तोंडात आलं ते बोललो. ते तुझं व्हतं. तू गावात नसतीस म्हणून. गेले पंधरा दिवस मॅडमच्या समजुतीनं ह्या सगळ्या घोटाळ्याच्या मुळाशी भूगावच्या कुणी आक्काबाई हायेत. (तरी पण मॅडम म्हणल्या, त्यांना रागावणार न्हाई, फक्त येऊ देत. बघ माणूस कसा हाय.) रविवारी मी सगळ्यांसमोर खरं सांगणार हाय, पण मी भित्रा हाय हे तुला ठाऊकच हाय, म्हणून वेळ मी ठरवून ठेवलीय. मॅडम तुला खुर्चीत बसवतील, आ करायला सांगतील, आरसा आत घालतील. तू तोंड पुरतं उघडलंस की मी बोलायला सुरुवात करीन. तवा तुला शिव्या देता यायच्या न्हाईत. म्हणून आत्या, हात जोडतो, जेवढं उघडता येईल तेवढं उघड.